घरगाडीतला हीटर

सोलापुरात गाडीला हीटर बसवून घेणारा माणूस आलाय, ही बातमी होटगी रोडच्या गॅरेजांत दुपारच्या आत पसरली. जिथं मार्च उजाडला की पत्र्याला हात लावता येत नाही, तिथं हीटर! चहाच्या गाड्यावर पुष्कळ हसणं झालं. गुरुशांत मात्र हसला नाही. काम त्याच्याकडेच आलं होतं, आणि ते त्याला नको होतं.

गुरुशांत गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा. शाळेच्या बस, वऱ्हाडाच्या ट्रॅव्हल्स, ॲम्ब्युलन्स, जे येईल ते. हात चांगला होता, पण बाजारात त्याला 'भित्रा गुरू' म्हणत. एखादा सांधा जोडला की त्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते हा माणूस पुन्हा पुन्हा बघणार. गाडी ताब्यात दिल्यावरही घरी जाऊन फोन करणार, "सगळं बरं हाय न्हवं?" गिऱ्हाइकं चेष्टा करायची. पण ॲम्ब्युलन्सवाले दुसरीकडे कुठं जायचे नाहीत.

हे भय त्याच्या जन्मापासूनचं नव्हतं. विशीत असताना तो गॅसचे गीझर बसवायचा. एका सकाळी गल्लीतली एक बाई धावत आली. नवी सून अंघोळीला गेली ती बाहेर येईना, आतून आवाज देईना. गुरुशांतनं पहारीनं कडी उचकटली. न्हाणीघराला खिडकी नव्हती. गीझर मंद पेटलेला होता आणि ती पोरगी भिंतीला टेकून बसली होती, झोप लागावी तशी. गाल लालसर, चेहरा अगदी निरोगी. म्हणूनच त्याला वाटलं, ही आता डोळे उघडेल. तिनं ते उघडले नाहीत. तो गीझर त्यानं बसवलेला नव्हता, तरी त्या दिवसापासून जाळ असलेल्या कुठल्याही कामाला त्यानं हात लावला नाही. थंड करायचं काम बरं, त्यात पेटवायचं काही नसतं, असं म्हणून तो एसीकडे वळला आणि तिथंच राहिला.

आणि आता चिंतामणी सर दारात उभे होते.

सर जुळे सोलापूर भागात राहायचे. ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. गुरुशांतच्या बायकोला, महानंदाला, त्यांनीच अकरावी-बारावीला शिकवलं होतं. निवृत्तीनंतर सरांनी पुण्याहून एक जुनी घरगाडी आणली होती. मिनीबसच्या बॉडीत दोन पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि पलंगाखाली सिलिंडरवर चालणारी परदेशी भट्टी. गाडी थंड मुलखात उभी असली की ती भट्टी आत ऊब धरायची. सर आणि त्यांच्या पत्नी गोदावरीबाई त्या गाडीतून हंपी, गोकर्ण, गिरनार असं सगळं फिरून आले होते. आता त्यांना चंदीगडला लेकीकडे दिवाळीला जायचं होतं. तिथून सात वर्षांच्या नातीला, उर्वीला, घेऊन वर किन्नौरच्या डोंगरात बर्फ दाखवायला.

"भट्टी पेटतच नाही, गुरुशांत," सर म्हणाले. "मी नवा डिझेल हीटर मागवलाय. जुनी काढून हा बसवायचा. पुस्तिका वाचून काढलीय मी. आपण दोघं मिळून करू."

"सर, म्या जाळाचं काम करत न्हाय. तुमी पुण्याला दाखवा की."

"पुण्याचा माणूस दिवाळीनंतरची तारीख देतोय."

गुरुशांत नाहीच म्हणाला असता. पण सर आल्याचं कळून महानंदा चहा घेऊन आली होती, आणि ती सरांसमोर नवऱ्याकडे अशा नजरेनं बघत राहिली की तो पाना घेऊन उठला.

जुनी भट्टी बाहेर काढून त्यानं ती उलटी केली. तिच्या पोटातल्या पत्र्याच्या पेटीला, जिथं जाळ असतो तिथं, लांबच लांब तडा गेला होता. भट्टी बंद पडली नसती तर जळलेला वायू त्या तड्यातून सरळ झोपायच्या जागेत आला असता.

"ही पेटत न्हवती ते लई बरं झालं, सर," तो एवढंच म्हणाला. सरांनी तडा बोटानं चाचपला आणि चष्मा काढून पुसला.

नवा हीटर आकारानं लहान होता. तो पलंगाखाली बसणार, त्याची धुराची नळी गाडीच्या तळातून खाली उतरून बुडाखालून कडेला जाणार. जुन्या भट्टीसाठी तळाला पाडलेलं भोक मोठं होतं आणि ते नव्या हीटरला जुळत नव्हतं. म्हणून शेजारी नवं भोक पाडायचं आणि जुन्यावर पत्रा ठोकून, कडेनं सीलंटचा जाड थर भरून ते कायमचं बुजवायचं असं ठरलं. सीलंट म्हणजे काचेच्या सांध्यात भरतात तसला रबरासारखा डिंक, गरमी सोसणारा. गुरुशांतनं तो गावातून मुद्दाम चांगल्यातला आणला.

"आणि सर, त्ये इषारी वायू आला की ओरडणारं यंत्र मिळतंय बगा. त्ये घेतल्याबिगर हीटर लावू नका."

"मागवलंय. पण इथं निघायच्या आत पोचणार नाही, म्हणून लेकीचा, भार्गवीचा, चंदीगडचा पत्ता दिलाय."

काम निम्म्यावर आलं. नवा हीटर जागेवर बसला, नळी खाली गेली. जुन्या भोकावर पत्रा ठेवून गुरुशांतनं तो जागेवर धरून राहावा म्हणून दोन स्क्रू घातले. तेवढ्यात सरांना राहवेना.

"पेटवून बघूया का? एकदा बघू, मग बाकीचं."

बटण दाबलं. आधी पंख्याचा आवाज, मग टकटक, आणि मग पत्र्याच्या आत जाळ धरल्याची ती हलकी, खोल घरघर. गुरुशांतच्या कानशिलावरून घामाची धार लागली. गाडीचं दार उघडं होतं, खिडक्या उघड्या होत्या, बाहेर भर दुपार होती, तरी त्याला पहारीखाली कडी मोडल्याचा आवाज ऐकू आला. तो एका उडीत बाहेर पडला आणि शेडच्या खांबाला धरून उभा राहिला. सर आतून आनंदानं ओरडत होते, "अहो, या इकडे! काय सुरेख गरम हवा येतेय!"

हीटर बंद झाल्यावर तो परत आत गेला. तेव्हा त्याला एकच घाई होती, हे झाकून मोकळं व्हायचं. त्यानं प्लायवूडची फळी बसवली, वरून चटई अंथरली, पलंग खाली घेतला. सरांनी तिथंच त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही भित्रे नाही हो. तुम्ही जपून काम करता."

दसरा झाल्यावर घरगाडी निघाली. गोदावरीबाईंनी ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाच्या चटणीचे डबे भरून घेतले होते. महानंदानं गाडीच्या नाकाला हळद-कुंकू लावलं. गुरुशांतनं नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवशी फोन केला. सर म्हणाले, सगळं उत्तम आहे. मग दिवाळी आली, शेड बंद झाली आणि गुरुशांत आईला घेऊन मंद्रूपला भावाकडे गेला.

परत येऊन शेड उघडली ती भाऊबीज उलटल्यावर. पहिलंच काम एका स्कूलबसच्या छताची गळती बंद करायचं होतं. त्यानं पिशवीत हात घातला आणि सीलंटची नळी बाहेर काढली. तीच, चांगल्यातली. तिचं टोक कापलेलं नव्हतं. झाकणाचं प्लास्टिकसुद्धा तसंच होतं.

गुरुशांत त्या नळीकडे बघत राहिला. बसवाला काहीतरी बोलत होता, ते त्याला ऐकू येईना. पत्रा ठेवला. दोन स्क्रू घातले. सर म्हणाले पेटवू. मी बाहेर पळालो. परत आलो आणि... त्यानं डोळे मिटून ती दुपार पुन्हा पुन्हा आठवून पाहिली. दर वेळी फळी येत होती, चटई येत होती, पण सीलंट येत नव्हतं.

पत्रा नुसता टेकवलेला. त्याच्या कडेनं बोट जाईल एवढी फट. आणि त्याच्या खालूनच नव्या हीटरची धुराची नळी जात होती.

त्यानं सरांना फोन लावला. फोन क्षेत्राबाहेर होता. पुन्हा लावला. पुन्हा तेच. बसवाल्याला त्यानं उद्या ये म्हणून सांगितलं आणि शटर अर्धं ओढून आत बसला.

आता खरं म्हणजे लगेच करण्यासारखं पुष्कळ होतं. सरांच्या शेजाऱ्याकडे जाता आलं असतं, लेकीचा नंबर काढता आला असता. पण गुरुशांतच्या मनात एक भय होतं तिथं दुसरं येऊन बसलं. काय सांगायचं? मी भोक बुजवायचं विसरलो? काही झालं असेल तर पोलीस येतील. शेड जाईल. ज्या महानंदानं आपल्याला चहा घेऊन येऊन या कामात ढकललं तिला काय तोंड दाखवायचं? मग त्याचं मन दुसरीकडून बोलू लागलं. गाडी चालू असताना वारा खालून निघून जातो. हवा मोकळी असली की धूर उडून जातो. एवढ्याशा फटीनं काय होतंय? आणि चंदीगडला ते यंत्र मिळालं असेलच, ते ओरडेल. असं म्हणत तो उठायचा, पुन्हा फोन लावायचा आणि पुन्हा बसायचा.

तो दिवस त्यानं असा घालवला. संध्याकाळी घरी जाऊन त्यानं भाकरीचं ताट बाजूला सारलं.

"यप्पा, काय रे झालं?" सिद्धम्मा, त्याची आई, म्हणाली. "ऊटा माडो. जेव की."

"भूक न्हाय, अव्वा."

पडल्यावर त्याला झोप आली नाही. डोळा लागला की ती भिंतीला टेकलेली पोरगी दिसायची, आणि आता तिला उर्वीचं तोंड होतं. उर्वीला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं.

सकाळी महानंदा पाणी भरत होती. गुरुशांत तिच्यामागं जाऊन उभा राहिला. घागर भरून वाहायला लागली.

"काय झालंय ओ तुमाला? कालपास्नं बगतेय."

"महानंदा, म्या सरांच्या गाडीतलं भोक बुजवलंच न्हाय."

तिला सगळं सांगायला त्याला फार वेळ लागला नाही. ती ऐकत असताना तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. पण ती ओरडली नाही. नळ बंद केला, पदरानं हात पुसले.

"काल कळलं तुमाला?"

"व्हय."

"आन् तुमी आख्खा दिवस गप बसलाव?"

महानंदानं घागर तशीच नळाखाली सोडली.

"चला," ती म्हणाली. "आदी सरांच्या घरी."

सरांच्या शेजारी महादेवप्पा राहायचे. वृद्ध गृहस्थ, सर नसताना त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायचे. त्यांच्याकडे भार्गवीचा नंबर होता. त्यांनी कारण विचारलं तेव्हा गुरुशांत कुंड्यांकडे बघू लागला. महानंदाच म्हणाली, "गाडीच्या कामाचं बोलायचंय, लई अर्जंट हाय." नंबर मिळाला तो तिनं नवऱ्याच्या हातात ठेवला. "तुमीच बोला. तुमाला ठाव हाय काय झालंय ते."

फाटकाच्या बाहेर, कडुनिंबाखाली उभं राहून त्यानं फोन लावला.

"हॅलो, भार्गवीताई? म्या सोलापूरवरनं गुरुशांत बोलतोय. सरांच्या गाडीला हीटर म्या बसवलाय."

"हो, हो, बाबा सांगत होते. बोला ना."

"ताई, सर कुटं हायत?"

"ते परवाच उर्वीला घेऊन वर गेले. तिथं रेंज नसते. का हो?"

"ताई, तुमी कायबी करा, पण त्यांना हीटर लावू देऊ नका. माझ्याकडनं चूक झालीय. जुनं भोक बुजवायचं राहिलंय. गाडी उभी आसताना धूर आत यील. त्यो धूर दिसत न्हाय, त्याचा वास येत न्हाय..." त्याचा आवाज चिरकला. "पोराबाळांना लवकर बाधतो."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग भार्गवी अगदी हळू म्हणाली, "ते वायूचं यंत्र काल आलं कुरिअरनं. बाबा निघाल्यानंतर. ते खोकं इथं माझ्यासमोर टेबलावर आहे."

गुरुशांत कडुनिंबाच्या कट्ट्यावर बसला.

"तुम्हाला कधी कळलं हे?" तिनं विचारलं.

महानंदा त्याच्याकडे बघत होती. खोटं बोलणं सोपं होतं. आत्ताच, असं म्हटलं की झालं असतं.

"काल सकाळी," तो म्हणाला.

"माझ्या मुलीला काही झालं ना," भार्गवी म्हणाली. फोन बंद झाला.

तो दिवस कसा गेला ते गुरुशांतला पुढंही नीट सांगता आलं नाही. दुपारी भार्गवीच्या नवऱ्याचा, ऋतुराजचा, फोन आला. तो शांतपणे बोलत होता आणि त्या शांतपणाचीच जास्त भीती वाटत होती. भोक नेमकं कुठं आहे, गाडी कशी उभी केली तर धोका जास्त, कुठल्या बटणानं हीटर कायमचा बंद होतो, असं सगळं त्यानं विचारून घेतलं. तो स्वतः गाडी घेऊन निघाला होता, पण डोंगरातला रस्ता, पोचायला उद्या उजाडेल म्हणाला. सरांनी वाटेत एका हॉटेलात जेवून तिथून फोन केला होता. त्या हॉटेलवाल्याला निरोप दिला होता, त्याचा माणूस मोटारसायकलवर वरच्या गावांकडं गेला होता.

"आन् सापडले का?"

"पहिल्या गावात नाहीत. पुढं गेलेत."

गुरुशांतनं शेड उघडलीच नाही. सिद्धम्मा देवापुढं बसली, सिद्धरामाचं नाव घेत. काय झालंय ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनं विचारलंही नाही. महानंदानं स्वयंपाक केला, तो कुणी खाल्ला नाही. दिवस मावळायला लागला तसा गुरुशांत अंगणात येरझाऱ्या घालू लागला. आता तिकडं थंडी पडायला लागली असेल. आता खिडक्या लावतील. आता सर बटण दाबतील. ती हलकी घरघर त्याला स्वतःच्या छातीत ऐकू येत होती. फोन हातात घट्ट धरलेला, आणि तो वाजू नये असंही वाटत होतं. वाजला तर काय ऐकावं लागेल?

फोन वाजला तो दुसऱ्या दिवशी, ऊन अंगणात उतरल्यावर. अनोळखी नंबर होता. गुरुशांतला तो उचलवेना. महानंदानं उचलला, कानाला लावला आणि एकदम रडायला लागली. त्याला वाटलं, संपलं सगळं.

"सर हायत," ती हुंदक्यातून म्हणाली. "सर सोता बोलतायत."

"गुरुशांत," सरांचा आवाज खोल गेलेला होता. "आम्ही ठीक आहोत. तिघंही. आत्ताच खाली हॉटेलाशी आलो, त्यांच्या फोनवरून बोलतोय. ऐकताय ना?"

त्यानं फोन दोन्ही हातांनी धरला. सरच बोलत राहिले, आणि घडलेलं सगळं त्याला तेव्हा कळलं.

ज्या दिवशी गुरुशांत शटर अर्धं ओढून बसला होता, त्याच संध्याकाळी सरांनी हीटर लावला होता. बोचरा वारा अडावा म्हणून गाडी एका दगडी भिंतीला पाठ लावून उभी केली होती, त्यामुळं बुडाखालचा धूर तिथंच कोंडला. थोड्या वेळानं उर्वीचं डोकं दुखायला लागलं. मग तिला उलटी झाली. गोदावरीबाईंना गरगरायला लागलं. सरांना वाटलं, उंचीवरची विरळ हवा बाधतेय, सगळ्यांना बाधते, पडून राहिलं की बरं वाटेल. त्यांनी दोघींना पांघरुणं घातली आणि हीटर आणखी वाढवला. पण गोदावरीबाईंनी ऐकलं नाही. "माझा जीव कोंडतोय, मला बाहेर जायचंय," म्हणत त्यांनी पोरीला उचललं आणि दार उघडून त्या थंडीत बाहेर जाऊन बसल्या. बाहेर उर्वीला जरा बरं वाटलं. आत आणलं की पुन्हा डोकं धरायची. शेवटी गावातल्या एका म्हातारीनं त्यांना आपल्या घरात झोपायला नेलं.

"मी तिला हट्टी म्हणालो, गुरुशांत," सर म्हणाले. "फिजिक्स शिकवलं मी आयुष्यभर. आणि माझं डोकं चालेनासं झालं होतं हे मला कळलं नाही."

दुसऱ्या दिवशी उर्वी खेळायला लागली तेव्हा सरांना वाटलं, आता हवा सवयीची झाली. संध्याकाळी पुन्हा गाडीतच झोपायचं ठरलं. सर हीटरच्या बटणाशी हात नेत होते तेव्हा दारावर थाप पडली. हॉटेलवाल्याचा माणूस होता. एवढ्या लांबून मोटारसायकलवर थंडीनं काकडत आलेला. त्याला निरोप एकाच वाक्यात पढवून दिला होता, हीटर मत जलाना.

गुरुशांतनं फोन खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. महानंदानं पाठीवर हात ठेवला तो त्याला समजलाही नाही.

घरगाडी परत आली ती डिसेंबरात. येताना सर एकटेच होते, गोदावरीबाई रेल्वेनं आल्या होत्या. त्या गाडीत आता झोपणार नाही, असं त्यांनी चंदीगडलाच सांगून टाकलं होतं. सरांनी गाडी सरळ शेडसमोर आणून लावली. इतके दिवस गुरुशांतनं या घडीची वाट पाहिली होती आणि ती येऊ नये असंही मागितलं होतं. त्यानं वाकून नमस्कार केला. सरांनी तो घेतला नाही, नाकारलाही नाही. ते थकलेले दिसत होते.

"सर, म्या लई मोठा गुन्हा केलाय."

"चूक केलीत तुम्ही," सर म्हणाले. "आणि एक दिवस गप्प बसलात. ते मला अजून गिळता येत नाही, खोटं कशाला बोलू? भार्गवी तर तुमचं नावही काढू देत नाही. पण गाडी भिंतीला लावली ती मी. यंत्र यायच्या आधी निघायची घाई केली ती पण मीच. तेव्हा आता एकट्यानं काम करायचं नाही. दोघांनी करायचं, आणि दोघांनी तपासायचं."

त्यांनी पलंग उचलला, चटई काढली, फळी काढली. पत्रा तसाच होता, दोन स्क्रूंवर टेकलेला. खाली दिवसाचा उजेड दिसत होता. सरांनी त्या फटीत आपलं बोट घातलं आणि काढलं.

गुरुशांतनं पत्रा काढून नवा जाड पत्रा कापला. रिवेट मारले, वरून आणि खालून सीलंट भरलं. मग धुराची नळी पार गाडीच्या कडेच्या बाहेर नेली. सर गाडीखाली झोपून टॉर्च धरत होते, या वयात, शर्टाला ग्रीस लागलेलं. डिंक सुकायला ठेवून ते उद्या येतो म्हणून गेले, आणि खरोखर आले.

आता पेटवून बघायचं होतं. दारं-खिडक्या बंद करून, जसं झोपताना असतं तसं. सरांनी चंदीगडहून आणलेलं यंत्र ओट्यावर ठेवलं. काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं, त्यावर शून्याचा आकडा.

"तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल," सर म्हणाले.

गुरुशांतला बाहेरच जायचं होतं. त्याचे पाय दाराकडे वळलेसुद्धा. पण मग तो आत आला, समोरच्या पलंगावर बसला आणि स्वतःच्या हातानं दार ओढून घेतलं.

बटण दाबलं. पंखा, टकटक, मग ती घरघर. त्यानं पलंगाची कड घट्ट धरली. गाडी हळूहळू तापली. सोलापुरातला डिसेंबर, बाहेर लोक बनियनवर बसलेले, आणि हे दोघं बंद गाडीत घामानं निथळत समोरासमोर. गुरुशांत यंत्रावरून नजर काढत नव्हता. आकडा शून्यच होता. बराच वेळ गेला तरी शून्य.

"बंद करूया?" सरांनी विचारलं.

"आजून थोडं ऱ्हाऊ दे, सर," गुरुशांत म्हणाला. "आजून थोडं बगू."

बाहेर महानंदा येऊन काचेवर टकटक करत होती. आत ते दोघं अजून बसलेच होते.